मेंढ्या का चालतात?

दोस्तांनो, दिवाळीनंतर घाटात मेंढरांच्या कळपानं एसटी अडवलेली तुम्ही पाहिलीच असेल. पुढे मेंढका, मागे कुत्री, घोड्याच्या पाठीवर बिऱ्हाड आणि त्या बिऱ्हाडावर कोंबडी! या चालण्यामागे तुमच्या शाळेसारखंच एक वेळापत्रक असतं. ते कोण ठरवतं, माहीत आहे? गवत!

सातारा जिल्ह्यातला माण तालुका घ्या. सह्याद्रीच्या पूर्वेला, पर्जन्यछायेत असल्यामुळे इथे वर्षाला जेमतेम ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. मोठ्या मेंढीला रोज साधारण एक किलो चारा लागतो. पण हे वजन पाणी वगळून मोजायचं हं! पहिल्या पावसानंतरच्या कोवळ्या गवतात शंभरातले ऐंशी भाग पाणीच असतं. म्हणजे एक किलो अन्नासाठी पाच किलो गवत खायला हवं. पोट टम्म, पण अन्न थोडं! शिवाय सुक्या चाऱ्याची सवय झालेल्या पोटात हे लुसलुशीत गवत एकदम गेलं, तर आंत्रविषार होऊन धडधाकट मेंढीही दगावते. म्हणून त्याची लस पावसाळ्याआधीच टोचतात.

जुलै-ऑगस्टमध्ये मात्र चंगळ! मारवेल, पवन्या ही गवतं जोमात असतात. मेंढ्या अंग धरतात आणि गाभण राहतात. आता हिशेब करा. मेंढीचे गाभणपणाचे महिने पाच. म्हणजे जुलैत गाभण राहिलेली मेंढी डिसेंबरात विणार. पोटातलं कोकरू सगळ्यात जास्त वाढतं शेवटच्या दीड महिन्यात. आणि नेमकं तेव्हा माळावरचं गवत वाळलेलं असतं!

कुसळी गवताचंच बघा. फुलोऱ्याआधी मेंढ्या ते आवडीनं खातात. बी धरलं की त्याची टोकदार कुसळं लोकरीत अडकतात, कातडीत घुसतात. वाळलेल्या गवतात प्रथिनंही शंभरात तीन-चार भागच उरतात. इथेच खरी अडचण येते. मेंढीच्या कोठीपोटात असंख्य सूक्ष्मजीव राहतात. गवतातला चिवट भाग तेच फोडतात. पण या कामाची मजुरी म्हणून त्यांना चाऱ्यात शंभरात सातेक भाग तरी प्रथिनं लागतात. मजुरी कमी पडली की काम मंदावतं. मग पोटात चारा असूनही मेंढी खंगते, दूध आटतं आणि कोकरू जगत नाही.

म्हणून अनेक मेंढके दिवाळीच्या सुमारास कोकणाकडे निघतात. तिथे भाताची कापणी झालेली असते. खाचरांत, बांधांवर थोडी ओल आणि हिरवा फुटवा असतो. शेतकरीही खूश असतात, कारण रात्री वाघर म्हणजे जाळीचं कुंपण लावून मेंढ्या बसवल्या की शेताला लेंडीखत मिळतं. त्याबद्दल मेंढक्याला धान्य किंवा पैसे मिळतात.

उन्हाळ्यात झाडं मदतीला येतात. बाभळीची मुळं खोल जातात, त्यामुळे गवत करपलं तरी ती हिरवी राहते. तिच्या शेंगांत सुक्या गवताच्या तिप्पट प्रथिनं असतात. मेंढका लांब आकडीनं फांदी हलवतो आणि खाली शेंगांचा सडा पडतो.

मग कायमचं कोकणातच का राहू नये? कारण तिथल्या धो धो पावसात लोकर भिजते, खुरं कुजतात आणि खाचरांत पुन्हा भात लागतो. म्हणून मृगाच्या आधी सगळे माणकडे परततात.

या वेळापत्रकातला एक जरी टप्पा हुकला तर? बागायत वाढली तसे बरेच मळे पिकांमधल्या काळात मोकळे राहीनासे झाले. कुठे कुरणांना कुंपण पडलं, कुठे माळावर इमारती उठल्या. डिसेंबरातलं एक चराऊ ठिकाण बंद होणं म्हणजे त्या वर्षीची कितीतरी कोकरं गमावणं. जगभरच्या चराऊ रानांकडे आणि पशुपालकांकडे लक्ष जावं म्हणून संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष त्यांच्या नावानं जाहीर केलं, ते उगीच नाही.

आता एक प्रयोग करा. जुलैत शंभर ग्रॅम कोवळं गवत तोडा, कडक वाळेपर्यंत उन्हात ठेवा आणि पुन्हा तोला. तसंच नोव्हेंबरात करा. दोन्ही आकडे वहीत शेजारी शेजारी लिहा. कुठल्या महिन्यात मेंढीनं किती गवत खाल्लं तर किलोभर अन्न मिळेल, हे तुम्हीच काढून दाखवा!