ऊस वाहतुकीत ट्रॅक्टर-ट्रॉलीची सुरक्षितता

दसरा उलटला की बीडकडील ऊसतोड कामगारांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रातील साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात आणि पुढील काही महिने ऊस शेतातून गव्हाणीपर्यंत पोचविण्याचे काम रात्रंदिवस चालते. पूर्वी बैलगाड्यांवर असलेल्या या भाराचा मोठा हिस्सा आता ट्रॅक्टर व त्यामागील दोन ट्रॉल्यांवर आला आहे. ट्रॅक्टर हे मूलतः शेतात अवजारे ओढण्याचे यंत्र होय. ते भार किती ओढते यापेक्षा ओढलेला भार थांबवू शकते किंवा नाही, हा प्रश्न रस्त्यावर अधिक महत्त्वाचा ठरतो.

भाराचा रेटा

५० अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरचे वजन साधारणपणे २ टनांच्या आसपास असते. ट्रॉल्या व ऊस मिळून १५ टन झाले, तर २० फुटांस १ फूट अशा उतारावर हा भार सुमारे पाऊण टनाच्या जोराने ट्रॅक्टरला पुढे ढकलतो. ट्रॉल्यांना ब्रेक नसल्यास हा रेटा एकट्या ट्रॅक्टरलाच पेलावा लागतो. अशा वेळी एकदम ब्रेक दाबल्यास ट्रॉली मागून रेटून ट्रॅक्टरला आडवा करते. शिवाय वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यानंतर थांबण्यास चौपट अंतर लागते.

यास्तव उतार लागण्यापूर्वीच खालचा गियर घालावा. जो गियर चढास लागेल, तोच उतारास ठेवावा. डिझेल वाचविण्यासाठी उतारावर न्यूट्रल करणे म्हणजे इंजिनाचा अटकाव आपण होऊन सोडून देणे होय.

निघण्यापूर्वीची तपासणी

शेतात वळण घेण्यासाठी ट्रॅक्टरचे डावे व उजवे ब्रेक वेगवेगळे दाबता येतात. रस्त्यावर येताच दोन्ही पेडल खिटीने एकत्र जोडावीत. एकाच बाजूचा ब्रेक लागल्यास वेगातील ट्रॅक्टर क्षणात उलटतो.

ट्रॉली ठरलेल्या हुकासच जोडावी. मागील आसाच्या वर कोठेही ओढ दिल्यास ट्रॅक्टरची पुढील चाके उचलली जाऊन तो मागे उलटण्याचा संभव असतो. पिन झिजलेली नसावी, तिला खिळ असावी आणि जोडीला मजबूत साखळी लावावी.

भरणी

ऊस जितका उंच रचावा, तितका भाराचा गुरुत्वमध्य वर जातो आणि वळणावर किंवा एका बाजूस खचलेल्या रस्त्यावर ट्रॉली कलंडते. दोन्ही बाजूंस सारखे वजन येईल अशा रीतीने मोळ्या रचून दोरखंडाने आवळाव्यात. दोनचाकी ट्रॉलीत आसाच्या मागे अधिक भार घातल्यास जोडाची बाजू वर उचलली जाते व ट्रॅक्टरच्या मागील चाकांची पकड सुटते. म्हणून थोडे अधिक वजन आसाच्या पुढे असावे.

एक खेप वाचविण्यासाठी जादा ऊस भरण्याचा मोह होतो. परंतु मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार मर्यादेबाहेरील भारास २०,००० रुपये आणि प्रत्येक जादा टनास आणखी २,००० रुपये दंड आहे. टायर, आस व जोड यांची झीज त्याहून निराळीच.

रात्रीची वाहतूक आणि माणसे

अंधारात उभी असलेली दिवे नसलेली ट्रॉली मागून येणाऱ्या मोटारसायकलस्वारास अखेरच्या क्षणापर्यंत दिसत नाही. ट्रॉलीच्या पाठीमागे दोन्ही कडांना लाल परावर्तक लावून त्यांवरील चिखल प्रत्येक खेपेस पुसावा. लोंबणाऱ्या वाढ्यांनी ते झाकू देऊ नयेत. बंद पडलेले वाहन रस्त्याच्या कडेला घेऊन चाकांस ठोकळे लावावेत. ठोकळ्यांऐवजी दगड लावले असल्यास निघताना ते रस्त्यावर सोडू नयेत.

भरलेल्या उसावर, जोडदांड्यावर किंवा मडगार्डवर कोणासही बसू देऊ नये. टोळीतील लहान मुले सावलीसाठी ट्रॉलीखाली निजतात. म्हणून चालकाने ट्रॅक्टर सुरू करण्यापूर्वी खाली उतरून दोन्ही ट्रॉल्यांभोवती एक फेरी अवश्य मारावी. या फेरीस दोन मिनिटे पुरतात.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी हंगामाच्या आरंभीच गावातील चालक, ट्रॉलीमालक व मुकादम यांना एकत्र बोलावून ब्रेक, पिन व परावर्तक यांची प्रत्यक्ष तपासणी घडवून आणावी.