थ्रेशर सुडीवर लावण्याआधी आधी टेप लावा
सोयाबीनची सोंगणी झाली, आता सुड्या काढायची घाई. पण हात जातो तो अडकलेला घास ढकलताना.

थ्रेशर शेतात आला की टेपनं मोजा. भारतीय मानकानुसार घास टाकायचा ट्रे किमान ९० सेंमी लांब, त्यात ड्रमकडचा ४५ सेंमी भाग वरून झाकलेला हवा. म्हणजे हात ड्रमपासून लांब राहतो.

घास अडकला? ट्रॅक्टर बंद करा. ड्रम नंतरही फिरतो, पूर्ण थांबू द्या. ग्रीस, पट्टेही बंद मशीनवरच.

पीटीओ शाफ्टला कव्हर हवंच. पदर, रुमाल खोचून घ्या.

दुसऱ्या शेतात नेताना शाफ्ट काढा, मागे रिफ्लेक्टर लावा, वर कोणी बसू नका.

सुडी उद्याही निघेल. मजुरांनाही हे वाचून दाखवा.