कोटी अंशांचं तापमान मोजताना

मे महिन्यात वर्ध्याचा पारा ४५ च्या वर चढतो आणि ती बातमी होते. तिथे निदान तापमापी ठेवता तरी येतो. लेझरने तापवलेल्या प्लाझ्मात, म्हणजे इलेक्ट्रॉन आणि आयन सुटे झालेल्या वायूत, काही ठेवायची सोयच नाही. तो कणभर असतो, अब्जांश सेकंदांत विखुरतो आणि कोटी अंशांपर्यंत तापतो. त्याच्याकडून जे बाहेर येईल त्यावरच भागवायचं, आणि या तापमानाला बाहेर येतात ते मुख्यतः क्ष-किरण.

तापलेले इलेक्ट्रॉन आयनांजवळून जाताना वळतात आणि थोडी ऊर्जा गमावतात. तीच क्ष-किरण होऊन निघते. कमी ऊर्जेचे किरण पुष्कळ, जास्त ऊर्जेचे थोडे. ही उतरण किती तीव्र आहे, त्यावरून तापमान कळतं. प्लाझ्मा १ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचा, म्हणजे सुमारे १ कोटी १६ लाख अंशांचा असेल, तर किरणांची ऊर्जा तेवढ्याच मापाने वाढली की तीव्रता ३७ टक्क्यांवर येते. तापमान दुप्पट असेल, तर ६१ टक्के उरते.

ही उतरण मोजायची युक्ती मला फार देखणी वाटते. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात एक्स-रे काढताना हाड किरण अडवतं आणि मांस सोडतं, तोच गुण इथे कामी येतो. दोन शोधकांपुढे एकाच धातूचे दोन पत्रे लावायचे, एक पातळ आणि एक जाड. पातळ पत्र्यातून मवाळ किरणही निसटतात, जाड पत्र्यातून फक्त कडक. दोन नोंदींचं गुणोत्तर काढलं की प्लाझ्मा मुळात किती तेजस्वी होता याची फिकीर राहत नाही. लॉस अलामॉसमध्ये जहोडा आणि सहकाऱ्यांनी १९६० मध्ये चुंबकाने दाबलेल्या प्लाझ्मासाठी ही पद्धत वापरली. पहिला लेझर लागला तोही त्याच वर्षी.

पण एकाच गुणोत्तरावर विसंबलं की फसगत होते. लेझरच्या माऱ्यात काही इलेक्ट्रॉन इतरांच्या कितीतरी पुढे निघून जातात. त्यांचे कडक किरण जाड पत्र्याच्या आरपार जातात आणि सगळा प्लाझ्माच आहे त्याहून गरम भासतो. म्हणून वेगवेगळ्या जाडीचे अनेक पत्रे लावतात, शिवाय स्फटिकाने वर्णरेषा अलग करून पडताळा घेतात.

कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत जी. रवींद्र कुमार यांच्या गटाने याच तापट इलेक्ट्रॉनांचा माग काढला. तांब्याच्या नॅनोकणांचा लेप दिलेल्या लक्ष्यावर त्यांनी १०० फेम्टोसेकंदांचे लेझर-स्पंद सोडले. १० ते २०० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टमधले कडक किरण १३ पट वाढल्याचं त्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलं. आपल्या राज्यात झालेलं हे काम मराठी वाचकांपर्यंत जेवढं पोचायला हवं होतं तेवढं पोचलेलं नाही. क्ष-किरणांचा स्रोत हवा असणाऱ्याला हे इलेक्ट्रॉन वरदान आहेत. अणुकेंद्रांचं संमीलन घडवू पाहणाऱ्याला मात्र ते नको असतात, कारण इंधन पुरतं दाबलं जाण्याआधीच ते त्याला तापवतात.

कॅलिफोर्नियातल्या नॅशनल इग्निशन फॅसिलिटीत ५ डिसेंबर २०२२ रोजी लेझरच्या १९२ झोतांनी २.०५ मेगाजूल ऊर्जा ओतली आणि संमीलनातून ३.१५ मेगाजूल मिळाली. तिथे इंधनाच्या गोळीभोवतीच्या धातूच्या नळकांड्याचं तापमान, साधारण ३५ लाख अंश, ‘दांते’ नावाचं १८ वाहिन्यांचं क्ष-किरण उपकरण मोजतं. इंधनाच्या गाभ्याचं तापमान संमीलनातून निघणाऱ्या न्यूट्रॉनांवरूनही काढतात, पण त्या आकड्यात इंधनाच्या आतली खळबळ मिसळलेली असते. क्ष-किरणांच्या उतरणीला त्या खळबळीची बाधा होत नाही, म्हणून गाभ्यातल्या इलेक्ट्रॉनांचं तापमान तिच्यावरून वेगळं काढलं जातं.