मृतात्म्याचं माध्यम बाईच का? काही पक्के गैरसमज

मेलेल्या माणसाचा निरोप सांगणारं ‘माध्यम’ म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर बाईच येते. मिटलेले डोळे, बदललेला आवाज, भोवती अंधारी खोली. पाठोपाठ ठरलेलं स्पष्टीकरणही येतं की बायका जात्याच हळव्या, म्हणून आत्मे त्यांनाच धरतात. मृतात्मे बोलतात हा दावा आजवर एकाही काटेकोर कसोटीला उतरलेला नाही, हे आधीच सांगते. पण माध्यम झालेल्या बायकांबद्दल जे बोललं जातं, तेही तपासायला हवं, कारण त्यापायी पुष्कळ बायकांनी भोगलं आहे.

गैरसमज : बाईचा पिंडच तसा असतो

तसं असतं तर जगभर सगळीकडे बायकाच माध्यम झाल्या असत्या. प्राचीन ग्रीसमध्ये डेल्फीला देवाचा कौल देणारी पिथिया बाई होती. तिबेटी परंपरेतला नेचुंगचा कौल मात्र पुरुष भिक्षूच्या मुखातून येतो. केरळच्या तेय्यममध्ये देवीचा संचारसुद्धा बहुतेक पुरुषाच्याच अंगात होतो. एकोणिसाव्या शतकात युरोपच्या राजदरबारांत गाजलेला डॅनियल डंग्लस होम पुरुष होता आणि ब्राझीलमध्ये मृतात्म्यांच्या नावाने शेकडो पुस्तकं लिहिणारा शिको शावियेरही पुरुषच.

उलट उत्तर जपानमध्ये मृतांशी बोलणाऱ्या ‘इताको’ परंपरेने अंध स्त्रिया. दृष्टी नसलेल्या गरीब मुलीला पोट भरायला फार वाटा नव्हत्या, त्यातली ही एक होती. म्हणजे माध्यम कोण होणार हे त्या त्या समाजाने कोणासाठी कोणतं दार उघडं ठेवलं यावर ठरतं.

अमेरिका-इंग्लंडमधल्या अध्यात्मवाद्यांनी, म्हणजे मृतांशी बोलता येतं असं मानणाऱ्यांनी, तर याला विज्ञानाचा मुलामा दिला होता. विजेची भाषा नवी होती. पुरुष ‘धन’, स्त्री ‘ऋण’. ती निष्क्रिय, म्हणून संदेश तिच्यातून सहज वाहतो, असं ते म्हणत. ज्या नाजूकपणाचं कारण देऊन तिला मत नाकारलं जात होतं, तोच नाजूकपणा इथे तिचा गुण ठरला.

गैरसमज : हा दिवाणखान्यातला रिकामा खेळ होता

मार्च 1848 मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या हाइड्सव्हिल गावी मॅगी आणि केट फॉक्स या दोन लहान बहिणींच्या घरात भिंतींवर ‘टकटक’ ऐकू येऊ लागली आणि अध्यात्मवादाच्या चळवळीला सुरुवात झाली. त्याच वर्षी जुलैमध्ये, त्याच राज्यात, सेनेका फॉल्सला स्त्रीहक्कांची परिषद भरली. फॉक्स बहिणींना पाठिंबा देणाऱ्या एमी पोस्ट यांची तिथल्या जाहीरनाम्यावर सही आहे.

स्त्री-पुरुषांच्या सभेत बाईने भाषण करणं तेव्हा अशोभनीय मानलं जाई. मग कोरा स्कॉटसारखी विशीही न गाठलेली मुलगी व्यासपीठावर उभी राही, श्रोत्यांनी आयत्या वेळी दिलेल्या विषयावर अस्खलित बोले आणि सांगे, हे मी बोलत नाही, आत्मा बोलतोय. तिला बोलू दिलं गेलं ते या एका अटीवर. व्हिक्टोरिया वूडहल याच वर्तुळातून पुढे आली. 1871 च्या जानेवारीत ती अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे स्वतःच्या नावाने स्त्रियांच्या मताधिकारासाठी बोलली आणि 1872 मध्ये राष्ट्राध्यक्षपदासाठी उभी राहिली. मतदानाचा हक्क मागणाऱ्या सगळ्याच बायका अध्यात्मवादी होत्या, असं मात्र कोणी समजू नये.

गैरसमज : त्या वेड्या होत्या

हा सर्वांत घातक गैरसमज. 1874 मध्ये फ्रेडरिक मार्विन या अमेरिकी डॉक्टरने ‘मीडिओमेनिया’ नावाचा आजारच काढला आणि त्याचं मूळ गर्भाशयाच्या बिघाडात दाखवलं. इंग्लंडमध्ये लुईसा लो या पाद्र्याच्या पत्नीला 1870 मध्ये वेड्यांच्या इस्पितळात कोंडलं गेलं. आत्मे आपल्या हातून लिहितात असं ती म्हणत होती.

जॉर्जिना वेल्डनची हकिगत तर मुळापासून वाचावी अशी आहे. तिचाही आत्म्यांवर विश्वास होता. ती लंडनमध्ये टॅव्हिस्टॉक हाउसमध्ये, पूर्वी कादंबरीकार डिकन्स राहत असे त्या घरात, अनाथ मुलांना सांभाळत होती. विभक्त झालेल्या नवऱ्याला तिचा खर्च जड होऊ लागला. 1878 मध्ये खोटी नावं सांगून दोन डॉक्टर घरी आले. त्यांनी तिच्याशी मुलांबद्दल, आत्म्यांबद्दल गोड गप्पा मारल्या आणि बाहेर पडून तिच्या वेडाचा दाखला लिहिला. इस्पितळात न्यायला हुकूम घेऊन माणसं आली तेव्हा ती निसटली आणि सात दिवस लपून राहिली, कारण तो हुकूम सातच दिवस चालणार होता. विवाहित स्त्रीला नवऱ्याशिवाय दावा लावता येत नव्हता. 1882 चा कायदा आल्यावर तो हक्क मिळाला, आणि या ‘वेड्या’ बाईने वकील न देता, स्वतः कोर्टात उभं राहून या प्रकरणातल्या डॉक्टरांवर खटले जिंकले.

गैरसमज : भोंदूपणा बायकांनी केला, त्यांनीच पैसा कमावला

फसवणूक झाली, यात शंका नाही. 21 ऑक्टोबर 1888 ला न्यूयॉर्कच्या अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये मॅगी फॉक्सने जोडा काढला, लाकडी चौरंगावर पाय ठेवला आणि भरल्या नाट्यगृहाला अंगठ्याच्या सांध्यातून निघणारी ती ‘टकटक’ ऐकवली. श्रोत्यांतले डॉक्टर वर येऊन खात्री करून गेले. वर्षभराने तिने ही कबुली मागे घेतली. दोघी बहिणी 1892 आणि 1893 मध्ये दारिद्र्यात वारल्या.

याच्या शेजारी होमचं प्रकरण ठेवा. जेन लायन या श्रीमंत विधवेने मृत पतीच्या सांगण्यावरून म्हणून त्याला 60,000 पौंड दिले. 1868 मध्ये कोर्टाने ते परत करायला लावले, तरी बड्या घरांतलं त्याचं आदरातिथ्य चालूच राहिलं. मॅगी फॉक्सला मात्र 1849 मध्येच, किशोरवयात, रॉचेस्टरच्या तपासणी समितीपुढे कपड्यांची झडती द्यावी लागली होती.

आणि आपल्याकडे?

आपल्याकडेही अंगात येणं फक्त बायकांचं नाही. पोतराज पुरुष असतो, भगत आणि देवऋषी बहुतेक पुरुषच. बायकांच्या अंगात येतं तेव्हा मात्र एक वेगळी गोष्ट घडते. एरवी जिच्या बोलण्याला घरात किंमत नाही, त्या सुनेपुढे सासू-सासरे हात जोडतात, ‘आई, काय चुकलं?’ म्हणून विचारतात. तिचा उपास, माहेरी जाणं, नवऱ्याची दारू, सगळं त्या पाच-दहा मिनिटांत बोलून होतं. मानववंशशास्त्रज्ञ आय. एम. लुइस यांनी 1971 च्या ग्रंथात आफ्रिकेतल्या अशाच अनुभवांवरून मांडलं की दबलेल्यांना तक्रारीची ही वाट सापडते.

याला सरसकट ढोंग म्हणणं चूक आहे. ताणाखाली भान सुटतं, हे मानसशास्त्राला माहीत आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात संचारावस्थेची नोंद आहे. धार्मिक रीतीचा भाग म्हणून येणाऱ्या संचाराला मात्र तिथे आजार म्हटलेलं नाही. गुन्हा होतो तो त्याचा धंदा करून लोकांना घाबरवलं, फसवलं की. महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात त्यासाठी सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आहे.

म्हणून घरातल्या बाईच्या अंगात येऊ लागलं तर तिला देवऋष्याकडे नेऊ नका, चारचौघांत उघडीही पाडू नका. ती शांत झाल्यावर, भानावर असताना, तिच्याजवळ बसा आणि काय होतंय ते तिच्याच तोंडून ऐका. गरज वाटली तर मानसोपचारतज्ज्ञाकडे तिच्यासोबत जा.