टेकूही आणि दावेही

लहान विमान जमिनीवर उभे असताना त्याच्या पंखाखालचा तिरपा दांडा पाहिला, म्हणजे पडवीच्या छपराला दिलेल्या टेकूची आठवण होते. पंख खाली झुकू नये म्हणून तो बसविला असावा, असे कोणालाही वाटेल. विमान उडू लागले की मात्र नेमके उलटे घडते. हवा पंखाला वर उचलते आणि 'स्ट्रट' या नावाने ओळखला जाणारा हा दांडा त्याला खाली, विमानाच्या धडाकडे ओढून धरतो. जमिनीवर जो टेकू असतो, तोच आकाशात दावे होतो. पंखाची लांबी वाढवावयाची झाल्यास कोणता स्ट्रट निवडावा, या प्रश्नाचे सारे मर्म या दुहेरी कामात आहे.

या घाटाचे विमान आपल्याला अपरिचित नाही. जर्मनीत गॉटिंगेन येथे प्रांटल या थोर शास्त्रज्ञाच्या हाताखाली अध्ययन केलेले डॉ. विष्णु माधव घाटगे यांनी बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये स्वदेशी विमानांचे आराखडे सिद्ध केले. त्यांतील दोन आसनांचे 'पुष्पक' १९५८ साली प्रथम उडाले व पुढे देशातील अनेक फ्लाइंग क्लबांत शिकाऊ वैमानिकांच्या हाती आले. त्याचेही पंख धडाच्या वर होते आणि खालून स्ट्रटांनी बांधलेले होते.

पंख वाढविण्याचा मोह का होतो, हे समजण्याजोगे आहे. लांब पंखाचे विमान कमी वेगातही तरते, थोड्या धावेत जमीन सोडते आणि त्याच इंजिनावर अधिक चांगले चढते. परंतु पंखाचे टोक दूर गेले, म्हणजे हवेच्या उचलीचा मध्यही दूर सरकतो.

एक साधे उदाहरण घेऊ. विमानाचे वजन ५५० किलो आहे, म्हणजे प्रत्येक पंखावर २७५ किलो. झोंबऱ्या वाऱ्यात किंवा तीव्र वळणात हा भार वाढतो; म्हणून सामान्य वर्गातील लहान विमानासाठी तो ३.८ पट धरण्याची प्रथा आहे. म्हणजे सुमारे १,०४५ किलो. एका बाजूचा पंख ५ मीटर लांब असून स्ट्रट त्याच्या मध्यावर, ३० अंशांच्या कोनात जोडला असेल, तर स्ट्रटावर सुमारे २,०९० किलो ताण येतो. आता विमानाचे वजन तेच ठेवून पंख ६ मीटरांचा केला, तर हाच ताण २,५०० किलोंवर जातो. त्यावर आणखी दीडपट सुरक्षितता राखावी लागते ती निराळीच. शिवाय स्ट्रटाच्या जोडापलीकडे अधांतरी राहिलेला पंख अडीच मीटरांवरून साडेतीन मीटरांवर जातो आणि त्या जोडापाशी पंखाच्या मुख्य वाशाला वाकविणारा जोर दीडपटीहून अधिक वाढतो. स्ट्रट कितीही भक्कम घेतला, तरी हा जोर त्याने कमी होत नाही. त्यासाठी वासाच बळकट करावा लागतो.

मग स्ट्रटाचा जोडच बाहेर सरकवावा, ही युक्ती सुचते. वरील पंखात तो ३ मीटरांवर नेला, तर वाशाचा बोजा खरोखरच हलका होतो. स्ट्रटाचा ताण मात्र जेमतेम चार टक्क्यांनी उतरतो, कारण दांडा आता अधिक आडवा झालेला असतो. शिवाय तो २.९ मीटरांऐवजी ३.३ मीटरांचा होतो, आणि खरी मेख येथेच आहे.

खाली ढकलणारा झोत आला किंवा विमान दणक्याने उतरले, की दाव्याचा पुन्हा टेकू होतो. उलट्या दिशेचा भार सुलट्याच्या चाळीस टक्के धरतात. म्हणजे आपल्या उदाहरणात सुमारे १,००० किलो दाब. ताणाखाली दांडा तुटतो तो त्याच्या जाडीनुसार. दाबाखाली मात्र बारीक लांब दांडा तुटण्याआधीच मधोमध बाक घेऊन निकामी होतो. अठराव्या शतकात ऑयलर या गणितज्ञाने दाखविलेला नियम असा, की ही सहनशक्ती लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते. आपला लांबलेला दांडा म्हणूनच चतुर्थांश बळ गमावतो. उपाय जुना व साधा आहे: स्ट्रटाच्या मध्यापासून वर पंखापर्यंत एक छोटा उपदांडा द्यावा. त्याने निराधार लांबी निम्मी होते आणि त्या दिशेने बळ चौपट.

धातूची निवडही याच कसोटीवर करावी. ॲल्युमिनियम हलके खरे, परंतु त्याचा ताठरपणा पोलादाच्या तिसऱ्या हिश्शाइतकाच असतो. तेव्हा ती नळी अधिक रुंद घ्यावी लागते. आकार माशासारखा निमुळता असावा. तेवढ्याच जाडीची गोल नळी हवेला कित्येक पट अधिक अडविते.

पोकळ नळीला आतला गंज हा छुपा शत्रू असतो. पाणी खालच्या टोकाशी साचते आणि बाहेरचा रंग चकचकीत राहतो. अमेरिकेत पायपर विमानांचे स्ट्रट उड्डाणात मोडल्यावर १९९३ साली तेथील विमान प्रशासनाने त्यांच्या नियमित तपासणीचा आदेश काढला. टोकांच्या आटे असलेल्या जोडांचीही तपासणी त्यात होती. म्हणून वाढविलेल्या पंखाला जुना स्ट्रट, वरून धड दिसतो एवढ्यावरून, पुन्हा लावू नये. आतून पूर्ण बंद केलेला नवा घ्यावा.

पंख वाढविणे म्हणजे टोकाला दोन हात कापड व फासळ्या जोडणे नव्हे. वासा, स्ट्रट, उपदांडा, जोडाचे बोल्ट आणि धडावरील पकड ही एकच साखळी आहे, आणि तिचा हिशेब जाणत्या अभियंत्याकडून करवून, विमानवाहतूक प्रशासनाची संमती घेऊनच हात घालावा. हा खर्च पंखाच्या खर्चाहून अधिक झाला, तर पंख होता तेवढाच ठेवणे हाही शहाणपणाचा निर्णय आहे. चुकीच्या स्ट्रटाची किंमत आत बसलेल्या माणसाला मोजावी लागते, आणि ती दुसऱ्यांदा मोजण्याची संधी त्याला मिळत नाही.