सात संपादक, एक कर्जदार

न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातून नोव्हेंबर १९२६ मध्ये ‘फायर!!’ नावाच्या त्रैमासिकाचा पहिला अंक निघाला. दुसरा निघालाच नाही. किंमत एक डॉलर, म्हणजे तिथल्या कष्टकऱ्यांच्या मानानं चांगलीच चढी. मुखपृष्ठ चित्रकार ॲरन डग्लसचं, लाल आणि काळ्या रंगातलं. अंकावर नावं सात जणांची होती: संपादक वॉलेस थर्मन आणि त्याच्यासोबत लँग्स्टन ह्यूज, झोरा नील हर्स्टन, ग्वेंडोलिन बेनेट, रिचर्ड ब्रूस न्यूजंट, ॲरन डग्लस आणि जॉन डेव्हिस. सगळे कृष्णवर्णीय, विशी-तिशीतले.

तेव्हा कृष्णवर्णीयांची नियतकालिकं नव्हती असं नाही. ‘क्रायसिस’मागे एनएएसीपी ही संघटना होती आणि संपादक होते डब्ल्यू. ई. बी. डुबॉईस. ‘ऑपॉर्च्युनिटी’ला अर्बन लीगचा आधार होता. या मंडळींनीच तरुणांना छापलं, बक्षिसं दिली. पण समाजाची प्रतिमा उजळेल असं लिहा, ही अपेक्षाही तिथे होतीच. त्याच वर्षी डुबॉईस यांनी सगळी कला प्रचारच असते, असं ठासून मांडलं. थर्मनच्या कंपूला नेमकं तेच नको होतं.

म्हणून ‘फायर!!’मध्ये काय आलं? थर्मनची कथा वेश्याव्यवसायाकडे वळणाऱ्या पोरीची. न्यूजंटची कथा पुरुषाच्या पुरुषावरच्या प्रेमाची. घरच्यांना त्रास नको म्हणून त्यानं आडनाव गाळून ‘रिचर्ड ब्रूस’ एवढंच छापलं. माझ्या मते अंकातलं सर्वांत टिकाऊ लेखन म्हणजे हर्स्टनची ‘स्वेट’ ही कथा. गोऱ्यांचे कपडे धुऊन घर चालवणारी डेलिया आणि तिच्याच कमाईवर जगून तिलाच मारणारा नवरा. तिला सापांची भीती, म्हणून तो विषारी साप घरात आणतो. पुढे तिच्या कपड्यांच्या टोपलीत साप निघतो. ती बाहेर पळते आणि शेवटी साप डसतो तो त्यालाच. गोऱ्या वाचकापुढे आपली लाज राखण्यासाठी ही कथा दडवावी, असं हर्स्टनला वाटलं नाही.

पैशांची बाजू ह्यूजनं १९४० च्या आत्मचरित्रात हसत-हसत सांगितली आहे. सातही जणांनी प्रत्येकी ५० डॉलर घालायचे ठरले, घातले तिघांनी. थर्मनला मात्र कागद उत्तम हवा, मांडणी डग्लसच्या चित्रांना शोभेल अशी हवी. छापखान्याचं बिल हजार डॉलरच्या घरात गेलं. न्यूजंट पायपीट करून दुकानांत अंक ठेवायचा. पण नोकरी नसल्यानं वसुली हार्लेमला पोचण्याआधीच पोटात जायची. उरलेले गठ्ठे एका तळघरात ठेवले होते, तिथे आग लागून ते जळाले. ‘फायर!!’चा हा शेवट कुणी कादंबरीत लिहिला असता तर संपादकानं खोडून टाकला असता.

छापखान्याला शब्द दिला होता थर्मननं, त्यामुळे जप्ती आली ती त्याच्या पगारावर. तीन-चार वर्षं त्यातून हप्ते कापले जात होते. तरी १९२८ मध्ये त्यानं ‘हार्लेम’ नावाचं दुसरं मासिक काढलं. तेही एका अंकात आटोपलं. १९३४ मध्ये क्षयानं तो गेला, वय ३२.

आपल्याकडे अमेरिकन कृष्णवर्णीयांचं साहित्य पोचलं ते मुख्यतः दलित साहित्याच्या वाटेनं. अमेरिकेत शिकून आलेले म. ना. वानखेडे आणि ‘अमेरिकन निग्रो : साहित्य आणि संस्कृती’ लिहिणारे जनार्दन वाघमारे यांनी मराठी वाचकाला त्याची ओळख करून दिली. पण चर्चा झाली ती ग्रंथांची आणि कवींची. नियतकालिकाचा हिशेब कोण भागवतं, हा प्रश्न तिकडे-इकडे दोन्हीकडे मागेच राहिला. ‘अस्मितादर्श’ हे नियतकालिक दशकानुदशकं चालवलेल्या गंगाधर पानतावण्यांना त्याचं उत्तर ठाऊक झालं असणार.

ह्यूज आणि हर्स्टन आज अभ्यासक्रमांत आहेत, थर्मन बहुधा तळटीपेत. ‘फायर!!’चं पुनर्मुद्रण १९८२ मध्ये झालं, तेव्हा न्यूजंट हयात होता. हाती आलं तर आधी ‘स्वेट’ वाचा, आणि मग संपादकाचं नाव नीट पाहून ठेवा. अंक निघाला तो त्याच्या हट्टामुळे, आणि त्याचं कर्जही फेडलं त्यानंच.