पिठातले दोन भुंगेरे

पीठ चाळताना चाळणीत तिळाएवढे तांबूस भुंगेरे वळवळताना तुम्ही पाहिले असतीलच. त्यांत दोन जाती असतात. शास्त्रज्ञ एकीला कॅस्टेनियम म्हणतात, दुसरीला कन्फ्यूजम. दोन्ही इतक्या सारख्या, की भिंगाशिवाय ओळखू यायच्या नाहीत. दोन्ही एकाच पिठात सोडल्या, तर टिकणार कोण?

शिकागो विद्यापीठातील थॉमस पार्क यांनी हे करून पाहिले व १९५४ साली निकाल छापला. दोन्ही जाती सारख्या संख्येने बाटल्यांत सोडून त्यांनी मोजदाद ठेवली. हे भुंगेरे झुंजत नाहीत बरे का! हिंडता हिंडता सापडतील ती अंडी खातात; परक्यांची तशी स्वतःचीही. अखेर एक जात नाहीशी होते.

३४ अंशांच्या दमट हवेत प्रत्येक बाटलीत कॅस्टेनियम उरली. २४ अंशांच्या कोरड्या हवेत कन्फ्यूजम. इथवर ठीक. पण २९ अंशांच्या दमट हवेत शेकडा ८६ बाटल्या कॅस्टेनियमने जिंकल्या आणि १४ कन्फ्यूजमने. पीठ तेच, हवा तीच. मग निकाल दोन कसे?

इटलीचे गणिती व्होल्टेरा यांची १९२६ सालची समीकरणे इथे अडतात. आरंभ सारखा, तर त्यांचे उत्तरही दरवेळी एकच. म्हणून १९५६ साली नेमन, पार्क आणि स्कॉट यांनी योगायोगालाच गणितात घेतले. ‘कोण जिंकेल’ असे न विचारता ‘शंभरात किती वेळा’ असे विचारले. (आरंभीच्या जोड्यांच्या वंशगुणांचाही यात वाटा असतो, हे पुढे दिसून आले.)

गुरुजी, हे वर्गात दाखवता येईल. पिशवीत सहा चिंचोके घ्या; तिघांना चुना लावा. न बघता एक काढून बाजूला टाका : तो मेला. उरलेल्यांतून एक काढा, पाहा, परत टाका आणि सोबत त्याच्याच जातीचा आणखी एक टाका : हा जन्म. साधारण वीस खेळ्यांत एक जात संपते. कधी लवकर, कधी फार उशिरा. कोणती, ते आधी सांगता यायचे नाही.

पार्क यांच्या बाटल्यांतली हवा ठरावीक होती. तुमची कोठी वैशाखात तापते, आषाढात ओलावते. हवा आलटून पालटून दोघींना धार्जिणी झाली, तर कुणालाच डाव पुरा करायला सवड मिळत नाही. दोन्ही बराच काळ नांदू शकतात. तळ्याच्या पाण्यात सूक्ष्म वनस्पतींच्या इतक्या जाती एकत्र कशा राहतात, या कोड्याला हचिन्सन यांनी १९६१ साली असेच उत्तर सुचवले होते.